झुंबर भुवन, स्थापना १९५१

११ जानेवारी २०२६, रविवार

दैनंदिनी पुन्हा सुरू करतोय. मधल्या काळात लिहिलं नाही, कारण फ्लेक्सच्या धंद्यात जे घडतं ते लिहून ठेवण्याच्या लायकीचं नसतं. वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दहाव्याचे फ्लेक्स. दोन्हींसाठी लोक एकच फोटो घेऊन येतात.

आज मात्र सकाळी आरोही आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय इतिहास. कॉलेजांच्या संशोधन स्पर्धेसाठी तिने प्रकल्प घेतला आहे: नाशिकरोडची जुनी खाण्याची ठिकाणं. मार्चमध्ये परीक्षकांसमोर मांडायचा. भावाने तिला बजावलंय की पहिली आलीस तर पुढे इतिहास कर, नाहीतर पाडव्यापासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. म्हणजे मुलीचं शिक्षण आता मिसळीवर आलं.

तिने विचारलं, "काका, माहिती तर ढिगाने मिळते. त्यातली खरी कुठली, हे कसं ओळखायचं?"

योग्य माणसाकडे आली. कागदोपत्री मी बारावी नापास. पण गेली तीस वर्षं मी रोज दोन वर्तमानपत्रं लाल पेन हातात घेऊन वाचतो, हे इंदिरानगरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बोर्ड रंगवायला स्वतः शिकलो, कॉम्प्युटरवर अक्षरं बसवायला स्वतः शिकलो, आणि शुद्धलेखनात मला अजून कोणी पकडलेलं नाही. मार्गदर्शन करायचं कबूल केलं.

ही चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आरोही, मार्चपर्यंत रविवारचं जेवण इथेच हं. ह्यांचं मार्गदर्शन उपाशीपोटी झेपत नाही."

१३ जानेवारी, मंगळवार

गुणपद्धती तयार केली. कुठलाही स्रोत घ्या, दहापैकी गुण द्या. मजकूर छापील असेल तर तीन. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव असेल तर दोन, पत्ता असेल तर आणखी एक. शुद्धलेखन निर्दोष असेल तर दोन. उरलेले दोन अचूकपणाला. यात माझा स्वतःचा एक शोध आहे, तो आरोहीला नीट उलगडून सांगितला: गोल आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. "१९५०" म्हणणारा माणूस अंदाज करतो. "१९५१" म्हणणाऱ्याला माहीत असतं.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, त्यांच्या मृण्मयी मॅडमनी (या तिच्या मार्गदर्शक) एकच गोष्ट सांगितली आहे. प्रत्येक स्रोताला विचारायचं, "याला कुठून कळलं?"

कॉलेजात एवढंच शिकवत असतील तर मुलं माझ्याकडे येतात यात नवल नाही.

१८ जानेवारी, रविवार

आरोहीला स्कूटरवर घेऊन नाशिकरोडला गेलो. झुंबर भुवन. नोटांच्या प्रेसची सकाळची पाळी सुटायच्या वेळेला तिथे बसायला जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम अकराला गेलो. तरी एका बाकावर अनोळखी चौघांत मिळून बसलो. तर्री नेहमीसारखी.

बोर्ड अजून मी रंगवलेलाच आहे, १९९८ सालचा. "झुंबर भुवन, स्थापना १९५१." ऊन-पाऊस खाऊन पिवळा रंग उडाला, पण अक्षर हललेलं नाही. आरोहीला मी ५ ची पाठ कशी वळवलीय ते दाखवलं. तिने फोटो काढला.

मालक हिरामण शिरसाठ माझा जुना मित्र. झुंबर हे त्याचे आजोबा. या पाडव्याला भुवनाला पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून अमृतमहोत्सव करायचाय त्याला. रस्त्यावर मांडव, आमदार, बँड. नवा बोर्ड माझ्याकडूनच, आणि शिवाय मला शाल-श्रीफळ. "पेंटर, तुझ्या हाताच्या बोर्डानं भुवनाला नाव दिलंय," असं तो चार लोकांत म्हणाला. आरोहीनेही ऐकलं, हे बरं झालं.

हिरामणच्या आई, कुसाबाई, गल्ल्यामागे बसून लसूण सोलत होत्या. आरोही त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि भुवन कधी सुरू झालं ते विचारलं. त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या लग्नापासून. मग सासूबाई, मग कुठलं तरी पातेलं, मग थोरला पोटात होता तेव्हा उलट्या किती व्हायच्या. साल एकही नाही. मी मनातल्या मनात गुण दिले: छापील नाही, शुद्धलेखनाचा प्रश्न येत नाही, अचूकपणा शून्य. नाव आहे म्हणून दोन. आरोही मात्र फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. नवशिक्यांना हे कळायला वेळ लागतो.

२५ जानेवारी, रविवार

आजचा दिवस समाधानाचा. झुंबर भुवनाबद्दल आरोहीला पाच स्रोत सापडले. वर्तमानपत्राच्या पुरवणीतला २०११ चा मिसळविशेष लेख. खाण्यावर व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणाचा व्हिडिओ, तो लाखो लोकांनी पाहिलाय म्हणे. पर्यटकांसाठीच्या एका संकेतस्थळावरचा परिच्छेद. तिथल्या गणेश मंडळाच्या स्मरणिकेतला अर्ध्या पानाचा मजकूर. आणि खुद्द बोर्ड.

पाचही ठिकाणी १९५१. एक साल इकडे नाही की तिकडे नाही.

मी बसून गुण दिले. व्हिडिओला तीन, कारण तो पोरगा "तर्री"ला "ग्रेव्ही" म्हणतो. लेखाला आठ. स्मरणिकेला नऊ: भाषा प्रौढ, वाक्यं आटोपशीर, एकही चूक नाही. फक्त लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही; ते दोन गुण मी भाषेला दिले. असे निःस्वार्थ लेखक आता राहिले नाहीत.

आरोहीला म्हटलं, पाच साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर कोर्टसुद्धा मानेल. ती म्हणाली, "हो काका. फक्त एकेकाला फोन करून विचारते, कुठून कळलं ते." मॅडमचं भूत डोक्यातून जायला तयार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आरोहीने सगळ्यांना फोन केले. तिने सांगितलं तसं लिहितो.

संकेतस्थळवाल्यांनी व्हिडिओवरून घेतलं. व्हिडिओवाल्याने पुरवणीतला लेख वाचला होता. लेख लिहिणारे पत्रकार आता निवृत्त होऊन सातपूरला राहतात. ते म्हणाले, "अहो, बोर्डावरच होतं की. मी मिसळ खाता खाता उतरवून घेतलं."

स्मरणिका कोणी लिहिली ते मंडळाच्या अध्यक्षांना आठवेना. आरोहीने मला ते पान दाखवलं. मी पुन्हा वाचलं. "रसिक खवय्यांच्या जिव्हेवर अधिराज्य गाजवणारे" हे वाक्य ओळखीचं वाटलं. मग आठवलं. छपाईच्या आदल्या दिवशी अर्धं पान रिकामं राहिलं होतं, जाहिरात आली नव्हती. मजकूर मीच लिहिला होता. साल बोर्डावरून घेतलं होतं.

म्हणजे चार स्रोत निघून-निघून बोर्डापाशी येतात.

आरोहीने वही मिटली आणि हिला पोळ्या लाटायला मदत करायला आत गेली. जेवताना कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलत राहिली. मला वाटतं, दमली असावी.

ती गेल्यावर ही ताटं उचलता उचलता म्हणाली, "आणि बोर्डाला कुठून कळलं हो?"

३ फेब्रुवारी, मंगळवार

एकटाच हिरामणकडे जाऊन आलो. गिऱ्हाईक कमी होतं. सरळ विचारलं की १९५१ हे साल तू मला कशावरून दिलंस.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी दिलं? पेंटर, तूच सांगितलं मला."

मी म्हटलं, माझा काय संबंध. हॉटेल तुझं, आजोबा तुझे.

"आरं, मी म्हणलो, आज्याच्या काळातलं हाय, लय जुनं. तू इचारलं, किती जुनं? मी म्हणलो, लिव पन्नासच्या आसपास. तर तू ब्रश खाली ठिवला. म्हणला, पन्नास लिहिलं तर लोकांना अंदाज वाटतो. एक्कावन्न कर, खरं वाटतं."

मी असं बोललो असेन यावर माझा विश्वास बसत नाही. हिरामणची स्मरणशक्ती कधीच चांगली नव्हती. (वाक्य मात्र माझ्या पद्धतीचं आहे.)

"आन मीबी म्हणलो, बरोबर हाय," हिरामण पुढे म्हणाला. "आपण आहेर तरी पन्नासचा करतो का? वर एक ठिवतोच ना. शुभ असतं."

मी विचारलं, मग तेव्हा आईंना का नाही विचारलंस? तर म्हणाला, "आईला काय इचारायचं, पेंटर. तू एवढा वाचणारा माणूस. मला वाटलं, तुला ठाव आसंल."

म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी समजत होतो की त्याला माहीत आहे, आणि तो समजत होता की मला माहीत आहे. आणि त्या दोन समजांवर वर्तमानपत्राची एक पुरवणी, एक व्हिडिओ, एक संकेतस्थळ आणि आमदारांचं भाषण उभं आहे.

चहाही न घेता निघालो. हिरामणने जाता जाता बजावलं की पोरीला हे काही सांगू नको, पत्रिका छापायला गेल्यात.

८ फेब्रुवारी, रविवार

आरोहीला अजून सांगितलेलं नाही. त्याआधी १९५१ चा स्वतंत्र पुरावा शोधावा असं ठरवलं. साल मी रंगवलं म्हणून ते चुकीचंच असेल असं थोडंच आहे. अंदाजही बरोबर निघू शकतो.

आठवडाभर नाशिकरोडच्या जुन्या लोकांना भेटलो. स्टेशनसमोरचे न्हावी, पानवाले, प्रेसमधून निवृत्त झालेले तिघे. सगळे ठामपणे म्हणाले, "एक्कावन्न. बोर्डावर आहे ना." एक आजोबा तर म्हणाले, उद्घाटनाला ते स्वतः हजर होते. त्यांचं वय विचारलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे निघाले, म्हणजे एक्कावन्नला त्यांचा जन्मही झालेला नव्हता.

आरोही आज आली नाही. हिने सांगितलं, त्या दोघी शिवरात्रीला कुसाबाईंकडे जाणार आहेत, उपासाचं घेऊन. मला विचारलं नाही. स्त्रियांच्या गप्पांत माझं काही काम नाही हे खरं, पण हिने स्कूटरची चावी आतापासूनच काढून ठेवली आहे, ती न विचारता घेऊ नये.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

दुपारी हिचा फोन. "अहो, नाशिकरोडला या. आणि येताना चिंच आणा, पावशेर." उपासाच्या दिवशी चिंच कशाला, ते सांगितलं नाही. भावकीतल्या एकाकडे गाडी मागून गेलो.

भुवनाच्या मागच्या अंगणात नळाखाली एक मोठं पितळी पातेलं पालथं घातलेलं होतं. वर्षानुवर्षं त्याच्यावर पाय ठेवून लोक हात धुतात. काळंकुट्ट. कुसाबाई आरोहीला म्हणाल्या होत्या की पहिली मिसळ याच्यात झाली. त्यावर ही म्हणाली, एवढं मोठं पातेलं नाव घातल्याशिवाय कोणी घरात आणलं नसेल, काठ घासून बघू. आपल्याकडे वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय मांडणीवर चढत नाही, हे तर मलाही सुचायला हवं होतं.

चिंच आणि मीठ लावून तिघींनी घासायला घेतलं. हिरामण दारात उभा राहून उपासाचे वडे खात होता. अर्ध्या तासाने काठाखाली टिंबं दिसायला लागली. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं: "सौ. मालन झुंबर शिरसाठ १९६४".

इथे माझी गरज लागली. ती अक्षरं मी बोटांनी चाचपून बघितली. मशीनची नाहीत, छिन्नीची आहेत, तांबटाच्या हाताची. ६ चं पोट एका दमात काढलेलं नाही, मध्ये हात थांबलाय. झीजही सगळीकडे सारखी. नंतर कोणी मुद्दाम घातलेलं नाही. हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे.

मी जाहीर केलं: स्थापना १९६४.

आरोही म्हणाली, "काका, पातेलं चौसष्टचं आहे. हॉटेल कधीचं, ते पातेलं कुठे सांगतंय?"

तेव्हा कुसाबाई बोलल्या. ओल्या हातांनीच. "आरं बाबा, ह्ये माझ्या लग्नाच्या पंगतीला घेतलं व्हतं सासूबाईंनी. तवा कुठलं हाटेल? मामंजी ठेसनावर हमाली करायचे. हाटेल सासूबाईंनी मागून काढलं, माझा थोरला पोटात व्हता तवा. मला मटकीचा वास सहन होईना, म्हणून तर ध्यानात हाय."

हे सगळं त्यांनी जानेवारीतच सांगितलं होतं. आरोहीच्या फोनमध्ये आहे.

हिरामणचा वडा हातातच राहिला. "म्हंजे पंच्याहत्तर नाय?"

त्याच्या आई म्हणाल्या, "मला कुणी इचारलं?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हिरामण दुकानावर आला. सोबत थोरल्या भावाचा शाळेचा दाखला. जन्म १ जून १९६६. त्याचा हिशोब तयार होता: थोरला पोटात म्हणजे पासष्ट साल, म्हणजे यंदा एकसष्टी. "अमृतमहोत्सव गेला तर गेला, एकसष्टी करू. लय शुभ. पत्रिकेवर कागद चिकटवतो. पेंटर, बोर्डावर १९६५ मार."

क्षणभर मोह झाला, हे नाकारत नाही. ६ आणि ५ शेजारी सुंदर दिसतात.

पण १ जून. आमच्या पिढीत ज्याच्या आईबापांना तारीख सांगता आली नाही, त्याला गुरुजींनी १ जूनच लावली, आणि वर्षही पोराच्या उंचीवरून. माझी स्वतःची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे आणि आई म्हणायची की मी थंडीत झालो. दाखला छापील आहे, सही-शिक्का आहे, शुद्धलेखन बरोबर आहे. माझ्या पद्धतीने त्याला दहापैकी दहा मिळतात. हे लक्षात आल्यावर मी गुणपद्धतीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. रद्द केलेली नाही. सुधारणा चालू आहे.

हिरामणला नाही म्हटलं. तो म्हणाला, "तवा एक्कावन्न लिवताना लय सोपं गेलं तुला." आणि दाखला तिथेच विसरून गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

आरोहीला आज सगळं सांगितलं. पन्नास, एक्कावन्न, आहेर, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. फार आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. मग म्हणाली की ती झुंबर भुवनाचं प्रकरणच प्रकल्पातून काढून टाकते आहे, पानं जास्त होतात.

मी म्हटलं, पानं कमी करायची तर भेळेचं प्रकरण काढ, त्यात काही दम नाही. ती म्हणाली, मॅडमसुद्धा हेच म्हणतात, झुंबर भुवन हेच सगळ्यात चांगलं प्रकरण आहे, त्याच्याशिवाय पहिला नंबर विसर. "पण काका, तुम्ही..." एवढं म्हणून थांबली.

मी सांगितलं की माझी काळजी करू नकोस, टायपिंगला मला वेळ आहे. हिने आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. का, ते विचारलं तर म्हणाली, डास.

शेवटी प्रकरण ठेवायचं ठरलं.

१२ मार्च, गुरुवार

आज स्पर्धा होती. कॉलेजचा मोठा हॉल, तीन परीक्षक, एसी अती. मी, ही आणि भाऊ शेवटून दुसऱ्या रांगेत. मी पांढरा शर्ट घातला होता. भाऊ सारखा घड्याळ बघत होता.

आरोही चांगली बोलली. पडद्यावर बोर्डाचा फोटो दाखवला, मग बाण काढून दाखवले: संकेतस्थळ व्हिडिओकडे, व्हिडिओ पुरवणीकडे, पुरवणी आणि स्मरणिका बोर्डाकडे. पाच स्रोत दिसतात, प्रत्यक्षात एकच आहे. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग पातेलं, मग कुसाबाईंचा आवाज फोनवरून ऐकवला. मधल्या परीक्षकांनी, चष्मेवाले, वयस्कर, विचारलं, "बोर्डावरचं साल कोणी ठरवलं?"

"एका स्थानिक पेंटरने, सर."

"नाव?"

आरोही म्हणाली, "नाव नोंदवलेलं नाही, सर."

मला धक्काच बसला. जानेवारीपासून मी या मुलीला काय शिकवलं? ज्या स्रोतावर सगळं प्रकरण उभं, त्याला नाव नाही, पत्ता नाही. परीक्षकाने लगेच खाली मान घालून काहीतरी लिहिलं, म्हणजे गुण कापले. ऐन शेवटी, असल्या हलगर्जीपणासाठी. मी उभा राहिलो. हिने शर्ट धरला होता, तो सोडवून घेतला.

म्हटलं, "नाव मी देतो. सोमनाथ रामभाऊ बोडके, इंदिरानगर, नाशिक. पेंटर मीच."

सगळा हॉल मागे वळला. आरोहीने मान खाली घातली. परीक्षकांनी चष्मा काढला. "बोडके, तुम्हाला १९५१ कुठून कळलं?"

"हिरामण शिरसाठांकडून."

"आणि त्यांना?"

"माझ्याकडून."

लोक हसले. हसायला जागा होती, मी हरकत घेतली नाही. हसू ओसरल्यावर परीक्षक म्हणाले, "मग खरं साल कोणतं?"

माझ्याकडे पासष्ट होतं, सहासष्ट होतं. अचूक दिसणारं काहीही देता आलं असतं. मी म्हणालो, "चौसष्टच्या नंतरचं. त्याहून जास्त मला माहीत नाही."

आवाज स्पष्ट होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. परीक्षकांनी माझं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं, रामभाऊसकट.

खाली उतरल्यावर आरोहीचे डोळे भरलेले होते. एसीचा झोत नेमका व्यासपीठावर होता. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी नाव लिहायला विसरू नकोस. ती "नाही विसरणार" म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली की रडली, ते कळलं नाही. भाऊ दुसरीकडे बघत नाक पुसत होता. त्यालाही एसी सोसत नाही.

१४ मार्च, शनिवार

आरोही पहिली. एप्रिलमध्ये विद्यापीठाची फेरी. भावाने पेढे आणले. बँकेच्या क्लासचं नाव काढलं नाही.

बांधलेल्या प्रकल्पाची एक प्रत तिने मला दिली. शेवटी स्रोतांचा तक्ता आहे, त्यात एक नोंद सादरीकरणानंतर शाईने घातली आहे: "सोमनाथ रामभाऊ बोडके, पेंटर, इंदिरानगर, प्रत्यक्ष मुलाखत. भुवनाच्या स्थापनेबाबत: दहापैकी शून्य. १९५१ हे साल कसं आलं याबाबत: दहापैकी दहा."

शून्य योग्य आहे. दहा जास्त होतात, नऊ पुरेसे होते. "पन्नास" पहिल्यांदा कोण म्हणालं यावर हिरामणचा आणि माझा अजून वाद आहे.

कुसाबाईंना तिने आठ दिलेत. "एकच साक्ष, पण प्रत्यक्ष." यावर माझं काही म्हणणं नाही.

१९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा

बोर्ड लावला. फ्लेक्स नाही. पत्रा घासून, अस्तर देऊन, हाताने रंगवला. किती वर्षांनी ब्रश धरला. पहिल्या दिवशी झ ची गाठ दोनदा पुसावी लागली.

मजकुरावरून हिरामणने दोन दिवस भांडण केलं. आमदारांनी येत नाही असं कळवलं, त्यांना दुसरीकडे पंचाहत्तरी होती. त्यामुळे निम्मा जोर गेला त्याचा. उरलेला त्याच्या आईने घालवला. त्या एवढंच म्हणाल्या, "सासूबाईंचं नाव येतंय ना? मग लिवू दे त्याला." शेवटी असं लिहिलं:

झुंबर भुवन
मालनबाई शिरसाठ यांनी सुरू केलेले
(कुसाबाई शिरसाठ यांच्या सांगण्यावरून)
स्थापना १९६४ नंतर, नक्की साल माहीत नाही

"लोक हसतील, पेंटर," हिरामण म्हणाला. लोक हसलेच. नऊ वाजेपर्यंत प्रेसमधल्या लोकांनी बोर्डासमोर उभं राहून फोटो काढायची रांग लावली, आणि हसून झाल्यावर आत येऊन बसले. मटकी दुसऱ्यांदा चढवावी लागली. हिरामण मग माझ्याशी बोलायला लागला.

शाल-श्रीफळ कुसाबाईंना दिलं. ते मीच सुचवलं, असं मी समजतो. ही म्हणते, आरोहीने.

शाल अंगावर घेऊन त्या बाहेर आल्या आणि मान वर करून बोर्डाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही, हे मला आज कळलं. इतक्या वर्षांत त्यांना हा बोर्ड कोणी वाचून दाखवला नव्हता. मला म्हणाल्या, "काय काय लिवलंय, सांग की."

मी शेजारी उभा राहून प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचून दाखवलं. कंसातलं स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचायला लावलं. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा आवाज थोडा खाली गेला असेल, रस्त्यावर रिक्षा फार होत्या.

सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "आता बरोबर हाय."